ओढ्यापलीकडची पहिली

तांड्यावरच्या शाळेतली पहिली पाढे म्हणायला लागली, की ओढ्याच्या अलीकडे आमच्या शाळेचे पत्रे हलायचे. शपथेवर सांगतो. एकदा बे चोक आठला एक खिळा निसटून खाली पडला आणि बे पंचे दहाला पत्र्यावर बसलेलं वानर उडी मारून पळालं, ते परत आमच्या गावात दिसलं नाही. माझी बायको म्हणते तो वारा होता. पण वाऱ्याला पाढे येत नाहीत.

मी जिल्हा परिषद शाळेचा मास्तर. गाव सेनगाव तालुक्यातलं. नाव सांगत नाही, कारण गावातल्या लोकांना वाचता येतं आणि त्यातल्या निम्म्यांना ते मीच शिकवलंय. शाळा दोन खोल्यांची, मास्तर दोन. हेडसर तिसरी-चौथी घ्यायचे, मी पहिली-दुसरी. ओढा ओलांडून दहा मिनिटं चाललं की बंजाऱ्यांचा तांडा लागतो. तिथली शाळा आमच्यापेक्षा एका खोलीनं मोठी, आणि पहिली एका बाईंकडे. बाई वयानं माझ्यापेक्षा लहान, नोकरीत दहा वर्षांनी मागं, उंचीनं तर इतक्या कमी की फळ्याच्या वरच्या अर्ध्या भागावर त्यांच्या शाळेत आजवर कुणी अक्षर काढलेलं नसावं. आणि त्यांच्या एकट्या पहिलीचा पट चौतीस.

माझ्या पहिलीचा पट तीन.

तीन म्हणजे किती, हे ज्यानं हजेरी घेतली आहे त्यालाच कळेल. मी हजेरीला तोंड उघडायचो आणि शिंक यायच्या आत हजेरी संपायची. त्या तिघांतला एक झोपायला यायचा, त्याच्या घरी पाळणा दुसऱ्यानं अडवला होता. एक पोरगी खिचडीची शिट्टी होईपर्यंत खिडकीतून चुलीकडं बघत बसायची. तिसरा खरा अभ्यासू, पण इतका लाजरा की ‘हजर’ म्हणायच्या ऐवजी डोळे मिटायचा. डोळे मिटले की मी ‘ह’ लिहायचो. खेळायला रिंगण करायचं म्हटलं तर तिघांचं रिंगण होत नाही, त्रिकोण होतो. मग मीही हात धरून उभा राहायचो, आणि रस्त्यानं जाणारा कुणीतरी हमखास ओरडायचा, “सर, यंदा तुमी बी पहिलीत का?”

ह्यात नुसती अब्रू जात असती तर सोसली असती. शाळेचा सगळा पट मिळून सोळा झाला होता. सप्टेंबरच्या अखेरीस पट मोजतात, आणि तो विसाच्या खाली दिसला की दोन मास्तरांतला एक उचलून दुसरीकडं ठेवतात. त्याला समायोजन असं गोड नाव आहे. हेडसर नोकरीत मोठे, म्हणजे उचलला जाणार मी. चौदा वर्षं त्या गावात काढली होती. बायकोचं शिलाईचं काम गावात असं बसलं होतं की सणावाराला आमच्या ओसरीवर पाय ठेवायला जागा नसायची. आणि मला जिल्ह्याच्या दुसऱ्या टोकाला, जिथं आमच्या गावचं नाव सांगितलं तर लोक ‘ते कुठं आलं?’ विचारतील, तिथं जावं लागणार होतं. चार लेकरं कमी होती. चारच. आणि ओढ्यापलीकडं चौतिसांचा ढीग पडला होता.

त्यात सरकारी गणवेश शिवायचं काम बायकोच्या बचत गटाकडं आलं. तांड्यावरच्या पहिलीचं. चौतीस शर्ट, चौतीस चड्ड्या-फ्रॉक माझ्याच ओसरीवर, माझ्याच दोरीवर, माझ्या बसायच्या खुर्चीवर. मी शाळेतून यायचो आणि बाईंचा सगळा वर्ग बिनडोक्याचा माझ्या घरात लटकलेला असायचा.

“अवो, जरा बाजूला सरका. पोरायचे शर्ट चुरगळून राहिले.”

“आन आमच्या शाळेचे कवा शिवणार?”

“तुमच्या पहिलीचे? ते काय, सकाळी च्या उकळेपर्यंत झाले.” मशीन थांबवून ती माझ्याकडं बघून हसली. “उरलेल्या कापडात तुमाला बी एक शिवू का? चौथा व्हाल.”

त्या दिवशी मी जेवलो नाही. म्हणजे जेवलो, पण तिसरी भाकरी घेतली नाही.

सगळ्यात जास्त मला काय खुपायचं ते सांगतो. रोज सकाळी मी घंटेपाशी उभा राहायचो आणि माझ्या डोळ्यांसमोरून माझ्याच गावची सहा पोरं ओढ्याकडं उतरायची. दोन चौथीतल्या मोठ्या पोरी, दोघींच्या कडेवर एकेक लेकरू, आणि त्यांच्या फ्रॉकच्या घेराला धरून पहिलीतली चार चिल्लीपिल्ली. मी घंटा जोरात वाजवायचो. इतकी जोरात की पुसेगावच्या शाळेत पोरं रांगेत उभी राहिली असतील. पण ती सहा पोरं मागं वळून बघायची नाहीत. ओढ्यातल्या दगडांवरून एकेक पाय टाकत पलीकडं जायची, आणि बाईंच्या चौतिसांत माझे चार रोज मिसळून जायचे.

एकदा त्यातल्या एका पोरीच्या बापाला मी पानटपरीवर गाठलं. “काहून पाठवता तिकडं? इथं काय शिकवत न्हाई का आमी?”

तो पुडी फोडत म्हणाला, “तसं न्हाई सर. तिकडं बाई ध्यान देतेत.”

ध्यान! माझ्या पहिलीत तीन पोरं आणि मला चष्म्यासकट चार डोळे. एकेकाच्या वाट्याला सव्वा डोळ्याहून जास्त येत होतं. चौतीस पोरांना दोन डोळ्यांतून काय मिळत असेल, ह्याचं गणित मी त्याला चुन्याच्या बोटानं टपरीच्या फळीवर करून दाखवलं. त्यानं पान तोंडात टाकलं आणि निघून गेला.

मग मी ठरवलं की बाईंनी पोरं फितवली आहेत. बोलता बोलता कुणाला तरी सांगून टाकलं की त्या रोज चॉकलेटं वाटतात. आठ दिवसांनी तीच बातमी दुसऱ्या माणसानं मला कानाशी येऊन सांगितली, आणि मी तिच्यावर पुरता विश्वास ठेवला. बातमी बाहेरून आली होती ना.

जून संपत आला. शाळा उघडल्यावर एक दिवस पहिलीच्या नव्या पोरांना वाजतगाजत आणायचं, कुंकवाच्या पाण्यात पाय बुडवून कागदावर ठसे घ्यायचे, हातात फूल द्यायचं, असा सगळीकडं रिवाज आहे. दरवर्षी माझ्या शाळेत हा समारंभ टाचणी पडावी तसा गुपचूप व्हायचा. ह्या वर्षी मी म्हटलं, आता बघा. गावातल्या एका शेतकऱ्याची पांढरी बैलजोडी सांगितली. गाडीला आंब्याची पानं, फुगे, झिरमिळ्या. पुढं दोन हलगीवाले. आणि सेनगावहून ताज्या जिलेबीचं एवढं मोठं टोपलं आणलं की गाडीचा एक बैल टोपल्याकडं तोंड करून मागं चालायला बघत होता.

गाडी गावातून फिरली. मग, काय झालं कळलं नाही, ती चुकून ओढ्यात उतरली. आणि चुकून पलीकडं चढली. आणि चुकून तांड्याच्या पहिल्या गल्लीत हलगी जोरात वाजली. परत आलो तेव्हा गाडीत सोळा नवी पोरं होती. रोज ओढा ओलांडणारी माझ्या गावची चौघंही त्यात होती, जिलेबीला चिकटलेली. माझे तीन मिळून एकोणीस.

आमच्याकडं जन्माचा दाखला शोधून सापडेपर्यंत वयाची एकच खात्रीची खूण असते. उजवा हात डोक्यावरून नेऊन डावा कान धरता आला, की लेकरू सहा वर्षांचं. मी सगळ्यांना ओळीत उभं केलं. काहींचे हात सहज पोचले. काहींचे कानाच्या जरा वर थांबले, तिथं मी मान थोडी वाकवून दिली. एका पोराचा हात भुवईपाशीच अडला, पण त्याच्या दुसऱ्या हातात जिलेबी होती आणि चेहऱ्यावर शिकण्याची जबर इच्छा होती. मी त्याला घेतलं.

एकोणतीस शाळा पाहणारे आमचे केंद्रप्रमुख साहेब आहेत. एकोणतीस नसतील, दहा-बारा असतील, पण त्यांच्या मोटारसायकलीकडं पाहिलं की एकोणतीस वाटतात. त्यांचा मोबाइलवर सगळ्या मास्तरांचा गट आहे. त्यात मी एकोणीस जोडी लाल पाऊलठशांचा फोटो टाकला आणि खाली लिहिलं, ‘पहिली: १९.’ साहेबांचा अंगठा आला. मग बाईंचं उत्तर आलं. अभिनंदन सर, हात जोडलेले, आणि एक फूल.

मी फोन बायकोच्या नाकापुढं धरला. “बघ. जळली.”

“कुठं जळली? फूल दिलंय बाईनं.”

“ते जळकं फूल हाय. नीट बघ.”

आयुष्यात पहिल्यांदा कुणीतरी माझ्यावर जळत होतं. मी त्या दिवशी चौथी भाकरी खाल्ली.

दुसऱ्या दिवशी पहिलीत पोरं होती तीन.

झोपणारा, खिडकीतली, आणि डोळे मिटणारा. मी घंटा वाजवली. पुन्हा वाजवली. ओढ्याकडं माझ्या गावची सहाजणं नेहमीसारखी उतरत होती, आणि आज त्यातल्या चौघांचे पाय लाल होते. गाडीवाला बांधावर बैल चारत होता. मी त्याला हाक मारली.

“काल आणलेली पोरं कुठं गेली?”

“कुठं जातील? बाईच्या शाळेत.” तो दात कोरत म्हणाला. “तुमचं झाल्यावर अकरा वाजता बाईच्या शाळेची बी मिरवणूक होती न्हवं. त्यायनं बी माझीच गाडी सांगितली होती. तुमचे ठसे झाल्यावर पोरं परत गाडीत चढून बसलीच होती. मी म्हन्लं, उतरवता काहून? तशीच नेली.”

माझी आंब्याची पानं, माझे फुगे, माझ्या जिलेबीनं चिकट झालेले हात, सगळं जसंच्या तसं बाईंच्या दारात उतरलं होतं. ठसे त्यांच्याकडं दुसऱ्यांदा उमटले असणार, आणि माझ्या कुंकवामुळं जास्त ठळक. सरकारी पोर्टलवर सोळा नावं चढवायला गेलो तर प्रत्येक नावावर तेच लाल अक्षर: विद्यार्थी दुसऱ्या शाळेत दाखल आहे. सोळा वेळा. शेवटी शेवटी ते यंत्र वैतागून लवकर उत्तर द्यायला लागलं, असं मला वाटलं.

गटात टाकलेलं एकोणीस मात्र तसंच राहिलं. मी ते काढलं नाही. आज काढू, उद्या काढू, म्हणता म्हणता पेरण्या झाल्या, सोयाबीन वीतभर वर आलं, आणि जुलैत साहेबांचा निरोप आला: शनिवारी सकाळी येतो, आणखी चार शाळांचे शिक्षक घेऊन. तुमचा पटवाढीचा प्रयोग सगळ्यांनी बघावा असा आहे. एकोणीसही पोरं हजर ठेवा.

मी हेडसरांकडं गेलो. ते चष्मा पुसत होते.

“सर, आता काय करावं?”

“आकडा कुणी लिहिला?”

“मी.”

“मग शनिवारी माझं पोट दुखणार हाय,” ते म्हणाले. “रजा टाकून राहिलो.”

आता एकच घर उरलं होतं. गुरुवारी पोरं हेडसरांवर सोपवून मी ओढा ओलांडला. त्या दगडांवरून मी पहिल्यांदाच शाळेच्या वेळेत चाललो. वाटेत मनात वाक्य घोळवत होतो: बाई, शनिवारपुरती पोरं उसनी द्या. लोक शेजाऱ्याकडून साखर नेतात, विळा नेतात, पंगतीला सतरंज्या नेतात. सोळा पोरं काय जड होती?

त्यांच्या वर्गाच्या दारात पोचलो आणि आत जायला जागा सापडेना. चौतीस पोरं खोलीत अशी भरली होती की मधल्याला नाक खाजवायचं तर शेजाऱ्याला विचारावं लागत असेल. दप्तरं खिडकीत, चपला झाडाखाली, आणि सगळ्यात मागं भिंतीला लागून एक सतरंजी. सतरंजीवर पाच-सहा शेंबडी लेकरं. एक पाटी चाटत होतं, एक झोपलं होतं, एक फळ्याकडं तोंड करून आपल्या भाषेत ओरडत होतं. आणि बाई कडेवर एक लेकरू घेऊन एका हातानं फळ्याच्या खालच्या भागात ‘न’ काढत होत्या. नळाचा ‘न’. कडेवरचं लेकरू त्यांची वेणी तोंडात घालत होतं.

“आव, बेस,” त्या एका पोराला त्याच्या भाषेत म्हणाल्या, म्हणजे ये, बस. मग मला पाहिलं. “अरे, सर! या ना. तुमाला बसायला जागा न्हाई, पण या.”

मी दारातच उभा राहिलो आणि घोकलेलं वाक्य म्हणून टाकलं. उसनी, शनिवारपुरती, सोळा. दुपारपर्यंत परत आणून देतो, हेही सांगितलं.

त्या हसल्या नाहीत. मला तेच जास्त लागलं.

“सर, तुमच्या गावची चार माझ्या वर्गात हायेत. चौथीच्या दोघी पलीकडच्या खोलीत. सहा झाली. ती उसनी काहून नेता? कायमची न्या.”

“नेऊ कशी? तुमी सोडाल का?”

“मी धरलंय कुठं? चॉकलेटं देऊन धरून ठेवली, असं गावात कोणीतरी सांगत फिरतं म्हणे.” त्यांनी माझ्याकडं पाहिलं. मी फळ्यावरच्या ‘न’ कडं पाहिलं. “सर, चौथीच्या त्या दोघी तुमच्याच वर्गात होत्या. तुमच्या वर्गाच्या दारावर काय लिहिलंय, ते आठवतंय का?”

मला आठवत होतं. न आठवायला काय झालं? मीच लिहिलं होतं. दोन वर्षांपूर्वी, निळ्या ऑइलपेंटनं, एवढ्या सुंदर अक्षरात की साहेबांनी फोटो काढून नेला होता. ‘लहान भावंडांना वर्गात आणू नये. शिस्त हीच शोभा.’ कडेवरची लेकरं रडायची, वर्गात शू करायची, माझा धडा मोडायचा. मी दोन दिवस पोरींना दारातून परत पाठवलं. तिसऱ्या दिवशी त्या आल्याच नाहीत, आणि वर्ग इतका शांत झाला की मला आनंद झाला होता.

“पेरणीपासनं सोयाबीन काढेपर्यंत आया रानात असतेत,” बाई सांगत होत्या. “लहानगं मोठीच्या कडेवर. ते लेकरू जिथं जाईल, तिथं मोठी जाणार. मोठी जिथं जाईल, तिथं गल्लीतली बारकी तिच्या मागं जाणार, एकटी ओढ्यातनं येऊ शकत न्हाईत ती. तुमी दोन लेकरं परत पाठवली सर. सहा गेली.”

एवढं सरळ गणित मला चुन्याच्या बोटानं कधी सुटलं नव्हतं.

“ती मागची सतरंजी बघा,” त्या म्हणाल्या. “दोन वर्षं तिथं पाटी चाटतेत आन सहाव्या वर्षी एक सतरंजी पुढं सरकतेत. मला कुणाच्या घरी जाऊन पट आणायला लागत न्हाई.”

मी म्हटलं, “तुमचं नशीब बाई. चौतीस.”

तेव्हा त्यांचा चेहरा बदलला. कडेवरचं लेकरू त्यांनी दुसऱ्या कडेवर घेतलं. “नशीब? मागच्या महिन्यात एक पोरगी तापानं घरी होती. मला चौथ्या दिवशी कळलं सर. चौथ्या दिवशी! हजेरीला कुणीतरी तिच्या नावाला हजर म्हणत होतं. एकेकाचं वाचन ऐकते म्हटलं तर महिन्यात बारी येते. तुमाला तीन हायेत. एक शिंकलं तर कळत असंल तुमाला. रात्री झोपताना मी कधी कधी तुमच्या तिघांचा विचार करते. देवाशपथ, पोटात दुखतं.”

म्हणजे ते फूल खरंच जळकं होतं! मला इतका आनंद झाला की मी शनिवार विसरलो. कुणीतरी, साक्षात ओढ्यापलीकडची पहिली, माझ्या त्रिकोणावर जळत होती. पण तो आनंद दारातून बाहेर पडेपर्यंतच टिकला, कारण मला लगेच दिसलं की ती पोरगी चार दिवस आली नाही, ह्याचं दुःख मला कधी झालं नसतं. मी चौतीस मोजले असते आणि खूश झालो असतो. आता मी त्यांच्या दुःखावरही जळायला लागलो.

“मी पोरं पाठवणार बी न्हाई आन अडवणार बी न्हाई,” त्या मागून म्हणाल्या. “आयांना विचारा.”

शुक्रवारी सकाळी शाळेच्या आधी मी रानात गेलो. सोयाबीनमध्ये आठ-दहा बाया ओळीनं खुरपत होत्या. मला बांधावर पाहून सगळ्यांची खुरपी एकदम थांबली.

“सर, इकडं कुठं? पट शोधून राहिले का तणात?” एकीनं सुरुवात केली आणि ओळीच्या ओळ हसली.

“बघा बाई, सापडला तं द्या त्यायला,” दुसरी म्हणाली. “जिलेबी आणली का?”

मी सगळं ऐकून घेतलं. मग त्या दोन मोठ्या पोरींपैकी एकीच्या आईला म्हटलं, “वहिनी, पोरीला परत पाठवा. बारकी बी येऊ द्या तिच्यासंगं.”

ती उठून उभी राहिली. पदरानं कपाळ पुसलं. “सर, मला वाचता येत न्हाई. त्या वक्ताला पोरगी परत आली तं मी म्हन्लं, सर बोलले असतील काही, तू उलटून बोलली असशील. तं मला हाताला धरून शाळेपाशी आणलं तिनं. दारावरची पाटी वाचून दाखवली. एक अक्षर चुकली न्हाई. मी म्हन्लं, एवढं चांगलं कुणी शिकवलं तुला? तं म्हन्ली, सरनंच.”

आता कुणी हसत नव्हतं. मी चौदा वर्षांत शेकड्यांनी पोरांना वाचायला शिकवलं, पण माझं लिहिलेलं असं कुणी मला परत वाचून दाखवलं नव्हतं.

“पाटी पुसतो मी,” मी म्हटलं.

“पुसा न्हाई तं ऱ्हाऊ द्या. लेकरू वर्गात बसलं पायजे. रडलं तं तुमी घ्यायचं. पोरीला बाहेर काढायचं न्हाई.”

“घेतो.”

“शू केली तं?”

सगळ्या बाया माझ्याकडं बघायला लागल्या. मी मान हलवली. ती खाली बसली आणि खुरपायला लागली, आणि मला कळलं की ठरलं.

त्या दिवशी दुपारी मी निळा पेंट खरवडायला घेतला. पण मी तो इतक्या पक्क्या हातानं लावला होता की पत्र्याचा दरवाजा गेला असता, अक्षर गेलं नसतं. शेवटी त्यावर फळांचा तक्ता लावला. अजून आहे. आंबा बरोबर ‘नये’ वर येतो.

शनिवारी सकाळी साहेब आले, चार शिक्षक घेऊन. पहिलीत पोरं होती सात. कोपऱ्यात माझ्या घरची सतरंजी, तिच्यावर ती दोन लेकरं, आणि ऐकून आलेलं एक तिसरं. बायकोनं उरलेल्या कापडातून तिघांना इवलेइवले शर्ट शिवले होते.

साहेबांनी मोजलं. मग पुन्हा मोजलं. “गुरुजी, एकोणीस कुठं गेली?”

मी खरं सांगितलं. म्हणजे बरंचसं. जिलेबीचं सांगितलं, गाडीचं सांगितलं, मान वाकवल्याचं राहून गेलं. साहेबांनी हजेरीची वही मिटली. मग सतरंजीकडं वळले. “आणि हे काय?”

“बालवाटिका, साहेब.”

“ह्याचा हात कानाला पोचतो का?”

“पोचंल. दोन-तीन वर्षं लागतील.”

बरोबर आलेल्या शिक्षकांतला एक फस्सकन हसला. साहेबांनी हसू मिशीत दाबलं आणि ओढ्यापलीकडून परत आलेल्या पोरांतल्या एकाला जवळ बोलावलं. “बाळा, तुला वर्गात कोण शिकवतं?”

“बाई,” पोरगं म्हणालं.

“कुठं आहेत बाई?”

त्यानं सरळ माझ्याकडं बोट केलं. माझ्या झुपकेदार मिशीकडं, माझ्या पोटाकडं, माझ्या कडेवर ओल्या चड्डीनं बसलेल्या लेकराकडं. साहेबांनी दुसऱ्याला विचारलं. तोही “बाई.” तिसरी “बाई.” शेवटी माझा तो डोळे मिटणारा अभ्यासू, जो बाईंच्या वर्गात कधी ओढा ओलांडून गेला नव्हता, तोही डोळे उघडून पहिल्यांदा मोठ्यानं बोलला. तोही तेच म्हणाला.

“तुमीच का बाई?” साहेबांनी विचारलं.

“व्हय साहेब,” मी म्हटलं. दुसरं काय म्हणणार? लेकरू रडायला लागलं होतं.

बाईंनी सहाही दाखले लिहून तयारच ठेवले होते. सप्टेंबरात पट बावीस भरला. मला कुणी उचललं नाही. हेडसरांचं पोट बरं झालं. बायकोची ओसरी जिथल्या तिथं आहे, आणि आता सतरंजीवर पाचजण पाटी चाटतात.

पण पलीकडं आता तीस आहेत. पत्रे हलत नाहीत. मागच्या बैठकीत बाई सगळ्यांसमोर सांगत होत्या, आता आठवड्यात एकदा तरी प्रत्येकाचं वाचन ऐकता येतं. मी त्याच दिवशी शाळेत येऊन सातांचं वाचन दोन-दोनदा ऐकलं. झोपणाऱ्यानं झोपेत वाचलं, असं मी म्हणेन. ती पोरं अजून मला बाईच म्हणतात. मी दहादा सांगितलं, सर म्हणा. म्हणतात, “व्हय, बाई.”

कुणाचं अक्षर अडलं की मागून हाक येते, “बाई, मला येईना.” मी आधी ओढ्याकडं बघतो. मग उठतो.